येसूच्या गव्हाचं माप

फार जुनी गोष्ट आहे. काळ्याभोर जमिनीचं एक गाव होतं. तिथे गहू चांगला पिके आणि त्या गव्हाची पारख करायला गावाने एक बाई नेमली होती. तिचं नाव भिवरा.

सुगी झाली की प्रत्येक घर आपल्या गव्हाची एक पाटी घेऊन चावडीसमोर येई. भिवरेपाशी तांब्याचं माप होतं. वीतभर उंचीवरून गहू त्यात अलगद सोडायचा, वर आलेली रास पट्टीने सारून सपाट करायची आणि माप तराजूत ठेवायचं. दुसऱ्या पारड्यात गावाने ठरवून दिलेलं वजन असे. मापाचं पारडं खाली गेलं तर गहू भारी. तो बियाण्याला ठेवायचा. वर राहिलं तर हलका. तो दळून खायचा आणि पेरणीसाठी गावाच्या कोठारातून बियाणं न्यायचं.

"नुसत्या नजरेवर जाऊ नका," भिवरा लोकांना सांगे. "ओला गहू फुगून मोठा दिसतो. चिमलेल्या गव्हाचीही रास मोठी दिसते. एका मापात वजन किती मावतं, त्यावरून दाण्याचं पोट भरलंय का ते कळतं. पोट भरलेला दाणाच कोंब मातीतून वर काढतो."

माप भरताना एक पथ्य मात्र कडक होतं. मापाला धक्का लावायचा नाही. नुसती टिचकी मारली तरी दाणे खाली बसतात, वर जागा होते, आणखी मूठभर गहू मावतो आणि हलका गहूही भारी ठरतो. भिवरेने हे पथ्य कधी मोडलं नव्हतं.

एका वर्षी गव्हात दाणा भरायच्या दिवसांत भिवरेच्या शेजारणीचा, येसूचा, नवरा अंथरुणाला खिळला. त्याच्या उशाशी बसलेल्या येसूला पिकाला शेवटचं पाणी देता आलं नाही. नवरा वाचला नाही. गहू शेतात उभा होता, पण दाणा भरला नव्हता.

नवऱ्याचं दिवसकार्य आटोपलं आणि येसूचा दीर गावात बोलू लागला, "एकट्या बाईच्याने शेती होत नसते. यंदा तिचा गहू हलका निघाला, तर वावर मी ताब्यात घेणार."

पारखीच्या दिवशी येसू पाटी घेऊन आली. भिवरेने ओंजळीत गहू घेतला आणि तिला लगेच कळलं. दाण्यांवर सुरकुत्या होत्या. समोर पंच बसले होते आणि दीर हाताची घडी घालून उभा होता. येसूने पदर सावरला आणि काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"थांब गं, आधी माप भरू दे," भिवरा म्हणाली.

तिला येसूची फार कीव आली होती. तिने माप भरलं आणि भरता भरता बोटाच्या पेराने त्याला हळूच ठोकलं. परत गहू ओतला, परत ठोकलं. तिच्यावर सगळ्यांचा इतका विश्वास होता की तिच्या हाताकडे कुणी पाहतच नव्हतं. पारडं खाली गेलं.

"भारी," भिवरा म्हणाली.

येसू चकित होऊन पाहत राहिली. मग तिने सुटकेचा निःश्वास सोडला. दीर निघून गेला.

आपण एक घर वाचवलं, असं भिवरेला वाटलं. पेरणीच्या वेळी आपल्याकडचं चांगलं बियाणं येसूला गुपचूप देऊ, असंही तिने मनाशी ठरवलं होतं. पाऊसकाळ सरला आणि पेरण्या जवळ आल्या, तशी ती धान्याचं गाठोडं घेऊन येसूच्या दारात गेली.

"हे कशाला, अक्का?" येसू हसून म्हणाली. "माझा गहू भारी निघालाय की. मला आधी शंका होती, पण तूच तर मापलास. मी घरचंच बियाणं पेरणार."

भिवरेच्या ओठांवर खरं आलं होतं. पण येसूचा हसरा चेहरा पाहून तिला ते सांगवेना. "बरं," एवढंच म्हणून ती गाठोडं घेऊन परत आली.

पेरण्या झाल्या. गावाची शेतं हिरवी झाली. येसूच्या शेतात मात्र इथे एक रोप, तिथे एक रोप, मधे सगळी काळी माती. भिवरेने बांधावर बसून माती उकरली. दाण्यांना कोंब फुटले होते, पण वर यायला त्यांना बळ पुरलं नव्हतं. ते मातीतच वाकडे होऊन पिवळे पडले होते.

दीर पंचांना शेतावर घेऊन आला. "बियाणं भारी होतं, सगळ्यांसमोर मापलं होतं," तो म्हणाला. "मग दोष कुणाचा? पेरणाऱ्या हातांचाच ना? आता तरी जमीन माझ्याकडे द्या."

येसू खाली मान घालून आपल्याच हातांकडे पाहत होती. काय चुकलं ते तिला खरोखर कळत नव्हतं.

भिवरा पुढे झाली. "दोष तिच्या हातांचा नाही, माझ्या हातांचा आहे. गहू हलका होता. मी माप ठोकून भरलं. कोठारातलं बियाणं मिळालं असतं, तर हे शेतही इतरांसारखंच उगवलं असतं."

वडील पंच म्हणाले, "जमीन येसूकडेच राहील. भिवरा, माप चावडीवर आणून दे. ते आता दुसरं कुणी धरेल."

भिवरेने मान हलवली. ते तिला अपेक्षितच होतं. पण येसू जे बोलली ते मात्र तिला अपेक्षित नव्हतं.

"त्या दिवशी मी काय सांगणार होते, ठाऊक आहे तुला?" येसू म्हणाली. "शेवटचं पाणी चुकलं, गहू हलका आहे, मला बियाणं द्या आणि एक वर्षाची मुदत द्या, एवढंच मी पंचांकडे मागणार होते. मोठ्या मुश्किलीने धीर गोळा केला होता. तू मला बोलूच दिलं नाहीस."

"आम्ही दिली असती मुदत," वडील पंच हळूच म्हणाले.

भिवरेला ते ऐकवेना. कीव आली होती येसूची, पण येसूला विचारायचं मात्र तिला सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवरा आपल्या घरचं बियाणं घेऊन येसूच्या शेतात गेली आणि कुणी न सांगता रिकाम्या जागी बोटाने खळगा करून एकेक दाणा टोबू लागली. थोड्या वेळाने येसू आली. तिने दुसऱ्या टोकापासून काम सुरू केलं. दोघी बोलल्या नाहीत. काम बरेच दिवस चाललं, तेव्हाही नाही.

शेवटची ओळ संपली त्या दुपारी दोघी बांधावर टेकल्या. येसूने फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि अर्धी भिवरेच्या हातावर ठेवली.

"माझा राग अजून गेलेला नाही," येसू म्हणाली.

"ठाऊक आहे मला."

"खा."

उशिरा टोबलेला तो गहू त्या वर्षी थोडाच पिकला. येसूने त्यातला काही बियाण्याला राखला आणि काही दळला.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: ज्याची कीव येते त्याला आधी खरं सांगावं आणि मग त्याच्या बाजूला उभं राहावं. खरं लपवून केलेल्या मदतीने होणारं नुकसान शेवटी त्यालाच सोसावं लागतं.