तेरणेच्या पाण्याचा वजू

तेरणा नदी जिथे मोठे वळण घेते, तिथे रुईगव्हाण नावाचे गाव आहे. हजरत फैजुल्लाशाह पायी फिरत फिरत या गावी आले आणि मशिदीच्या ओसरीवर राहिले ते कायमचेच. अंगात पांढरी कफनी, हातात चिंचेची काठी आणि बोलणे असे मऊ, की भांडायला आलेला माणूस तांब्याभर पाणी पिऊन मुकाट्याने घरी जाई. मुसलमान त्यांना हजरत म्हणत, बाकीचा गाव शाहमहाराज म्हणे. महाराज दोन्ही हाकांना सारखीच 'ओ' देत.

भाविकहो, त्याच गावात दस्तगीर मणियार राहत असे. घरोघरी जाऊन बांगड्या भरणे हा त्याचा पिढीजात धंदा. हात इतका हलका, की अरुंद काकण मनगटात कधी चढले हे नव्या नवरीला कळतही नसे. पण एका पावसाळ्यात त्याची बायको बानूबी लेकीला घेऊन माहेरी निघाली आणि भर पात्रात नाव उलटली. दस्तगीर काठावर उभा राहून हात हलवत होता. त्याच्या डोळ्यांदेखत नदीने दोघींना नेले.

त्या दिवसापासून दस्तगीर दस्तगीर उरला नाही. त्याचे हात थरथरू लागले. बांगड्या तडकू लागल्या. एका पोरीच्या मनगटातून रक्त आले, तेव्हापासून बायकांनी त्याला बोलावणे सोडले. डोळ्याला डोळा लागेना. नदीचा आवाज कानी पडला की छातीवर कोणी जाते ठेवल्यासारखे होई, अंगाला दरदरून घाम सुटे. कानात कापूस कोंबून बिचारा घराच्या कोपऱ्यात बसून राही. आधी लोकांनी हळहळ केली, मग कंटाळले. जगाची रीतच आहे ती!

गावचे इनामदार सरफराजखान तर त्याची उघड टवाळी करत. खानसाहेब अंगाने धिप्पाड, पट्टीचे पोहणारे. तेरणेला पूर आला की धोतराचा काचा मारून सूर घेत आणि पैलतीरावरून आरोळी देत. दस्तगीर दिसला की म्हणत, "अरे, मर्दाचं काळीज घेऊन आलास की कोंबडीचं? मनाची दुखणी बायकांना होतात!"

दस्तगीर मान खाली घालून निघून जाई.

एके दिवशी तो मशिदीच्या ओसरीवर येऊन खांबाला टेकून बसला. महाराजांनी आपल्या भाकरीतली अर्धी त्याच्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशीही तो आला, तिसऱ्या दिवशीही आला. असे पुष्कळ दिवस गेले, आणि मग एका सकाळी तो आपणहून बोलला.

"महाराज, मला विसरायचंय."

"काय विसरायचंय, बाळ?"

"बानूला. पोरीला. त्यांची याद आली की हात कापतात. असा काही तावीज द्या की यादच येणार नाही."

महाराजांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "वेड्या, त्यांना विसरलास तर त्यांच्यासाठी दुवा कोण मागेल? पैगंबरसाहेबांनी आपलं तान्हं लेकरू मातीत ठेवलं, तेव्हा त्यांचेही डोळे वाहिले. रडणं म्हणजे इमान कच्चं असणं नव्हे. तू एकटाच ओझं धरून बसलायस, म्हणून हात कापतात. ते ज्याचं आहे त्याच्यापुढं ठेव."

"कसं ठेवू?"

"कपाळ टेकून. ऊठ, आधी वजू कर, नमाजासाठी हात-तोंड-पाय धुऊन घे."

महाराजांनी स्वतः तांब्या उचलला आणि त्याच्या ओंजळीत पाणी ओतले. पाणी नदीचे होते. दस्तगीरने ते ओळखले आणि हात मागे ओढला.

"हे तिचंच पाणी आहे!"

"होय," महाराज म्हणाले. "पाणी तिचं नाही, अल्लाहचं आहे. त्याच्या हुकुमानं ते बुडवतं, त्याच्याच हुकुमानं ते धुऊन काढतं. घे."

दस्तगीरने डोळे मिटून ते पाणी तोंडाला लावले. त्या दिवशी सजद्यात, जमिनीला कपाळ टेकून, तो इतका रडला, की चटईवर ओल उमटली. घरी गेला आणि दुपारभर शांत झोपला. कित्येक महिन्यांनी आलेली ती पहिली झोप!

पुढे महाराज त्याला वजूसाठी रोज थोडे थोडे नदीकडे नेऊ लागले. आधी वेशीपर्यंत, मग वडापर्यंत, मग घाटाच्या वरच्या पायरीवर. तो थबकला की महाराज पाठीवर हात ठेवत. श्वास घेताना 'अल्लाह' म्हण, सोडताना 'हू', म्हणजे 'तोच', म्हण, एवढेच सांगत. वाहत्या पाण्याला पहिल्यांदा बोट लावले तेव्हा दस्तगीरचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तो पळाला नाही.

हे पाहून घाटावर अंग पुसत बसलेले खानसाहेब खदखदून हसले. "महाराज, पाच वेळा उठबस करून भीती जात असती, तर माझी म्हैस कधीच अवलिया झाली असती! द्या की ढकलून त्याला पाण्यात, आपोआप शिकेल."

महाराज हसूनच म्हणाले, "खानसाहेब, पोहणं शिकवायला तुम्ही आहात की. मी याला पाणी कोणाचं आहे तेवढंच शिकवतोय."

"पाणी ज्याच्या दंडात जोर आहे त्याचं!" असे म्हणून खानसाहेब ताडताड निघून गेले.

दिवस जात राहिले. दस्तगीर दुःख विसरला नाही, पण आता त्याला त्याची भीती वाटेना. नमाजानंतर तो बायको-लेकीचे नाव घेऊन दुवा मागे आणि मन कसे हलके होई. हात स्थिरावले. एका सकाळी परटाच्या सुनेने भीत भीत मनगट पुढे केले. त्याने 'बिस्मिल्लाह' म्हणून काकणे चढवली आणि एकही तडकले नाही. तिने आनंदाने आळीभर ओरडून सांगितले!

आणि मग तो प्रसंग घडला. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, नदी तांबडीलाल होऊन वाहत होती. खानसाहेब आपली एकुलती लेक मेहेरबानू हिला घेऊन पैलतीराहून परतत होते. नावाड्याने हात जोडले, "मालक, आज नको." पण खानसाहेब ऐकतात कुठले? नाव मध्यावर आली आणि वाहून आलेले एक अख्खे झाड तिच्यावर आदळले. नाव फुटली. नावाडी कसाबसा काठाला लागला. खानसाहेबांनी लेकीला कवटाळले आणि पात्रातल्या खडकाला मिठी घातली. पाणी चढत होते.

मेहेरबानू रडत होती, "अब्बा, पोहा ना!"

पण अब्बांचे हातपाय आखडले होते. आजवर ते एकट्याच्या जिवावर पोहले होते. आज लेकीचा जीव हातात होता आणि भीती म्हणजे काय ते त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळले. ज्या दंडांचा एवढा अभिमान, ते दंड थरथर कापू लागले. "वाचवा! कोणी आहे का?"

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची वेळ होत आली होती. दस्तगीर घाटावर वजू करत होता. काठावर माणसे जमली, दोराची शोधाशोध सुरू झाली, पण पाण्यात उतरायला कोणी धजेना. दस्तगीरने मान वर केली. समोर तीच नदी, तसेच पाणी, आणि बापाला बिलगलेली एक लेक! त्याच्या छातीवर ते जुने जाते पुन्हा आले. पाय मागे वळले. त्याने डोळे मिटले, श्वास घेतला, 'अल्लाह'. सोडला, 'हू'. आणि पाण्यात पाय टाकला.

त्याला पोहता येत नव्हते! लोक ओरडले, "अरे, तिथं दोन पुरुष खोल पाणी आहे!" पण काय नवल सांगावे! पाणी त्याच्या छातीच्या वर चढलेच नाही. पायाखाली वाळू घट्ट लागत होती आणि पाठीवर कोणाचा तरी हात असल्यासारखे वाटत होते. मागे वळून पाहावेसेही त्याला वाटले नाही. तो खडकाशी पोहोचला, मेहेरबानूला खांद्यावर घेतले आणि खानसाहेबांपुढे हात केला.

"मला जमणार नाही, दस्तगीर!" खानसाहेब रडत म्हणाले. "माझे हात बघ, कसे कापतायत."

"माझेही कापायचे, खानसाहेब. लाज कसली? धरा हात."

तिघे काठाला लागले. खानसाहेबांनी वळून दस्तगीरच्या मागे पाहिले आणि भांबावून विचारले, "ते कुठं गेले? तुझ्या पाठीवर हात ठेवून शाहमहाराज चालत होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं!"

सगळे मशिदीकडे धावले. महाराज आत तसबीचे मणी ओढत जप करत बसले होते. भोवती बसलेली म्हातारी माणसे म्हणाली, "हजरत दुपारपासून जागचे हललेले नाहीत. मघाशी नुसते डोळे मिटून घेतले होते." पण महाराजांची कफनी छातीपर्यंत चिंब भिजली होती आणि तिच्यातून तेरणेचे तांबडे पाणी चटईवर ठिबकत होते!

खानसाहेबांनी धाव घेतली आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले. महाराजांनी त्यांना वरच्यावर धरले.

"इथं नाही, खानसाहेब. मीही भिजणारा माणूसच. वाचवणारा तो आहे. बांग झाली आहे, जा, रांगेत उभे राहा."

"कुठं उभा राहू, महाराज? मला तोंड नाही."

"दस्तगीरच्या शेजारी जागा आहे."

ज्याला कोंबडीच्या काळजाचा म्हटले, त्याच्या खांद्याला खांदा लावून गावचे इनामदार ओल्या कपड्यांनिशी उभे राहिले. नमाज झाला, शेवटचा सलाम फिरवून लोक उठले, पण खानसाहेब पुन्हा सजद्यात गेले. त्यांची पाठ हुंदक्यांनी हलत होती. बाहेर माणसे कुजबुजत होती, कोणी हाका मारत होते. दस्तगीर मात्र उठला नाही. खानसाहेबांचे रडणे पुरे होईपर्यंत तो त्यांच्या शेजारी शांतपणे बसून राहिला.