अडतीसात एक

ताईला त्या संध्याकाळी मला काय सांगायचं होतं? आईला विचारलं, ताईच्या मैत्रिणींना विचारलं. कोणालाच ठाऊक नव्हतं. ताईनं फोन केला होता आणि मी "भाऊबीजेला यायला वेळ नव्हता, मग आता कशाला?" एवढं बोलून तो कापला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची जीप घाटात दरीत गेली.

तर, एकदा एक वृद्ध गुरू होते आणि त्यांची एक शिष्या होती. शिष्या म्हणजे माझी ताई. गुरू समुद्राकाठच्या प्रयोगशाळेत बसत, ताई घाटावरच्या. मध्ये दीडशे किलोमीटर काचेची तार. तिचा चर खणायला मीही होतो. सातवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण ती तार कुठे मुरमातून जाते आणि कुठे काळ्या मातीतून, हे मला पाठ आहे.

त्या तारेतून ताई प्रकाशाचा एकेक कण पाठवी. हजार निघाले की एखादा पोचे. पोचलेल्या कणांपासून दोन्ही टोकांना आकड्यांची सारखीच रांग तयार होते; ती गुप्त निरोपाची किल्ली. वाटेत कोणी कण उघडून पाहिलाच, तर तो बिघडतो आणि चोरी उघड होते. पुढची सगळी जुळणी एरवी यंत्रच करतं. पण शिष्यानं आपली पहिली किल्ली हातानं जुळवावी, असा गुरूंचा दंडक होता. पोचलेल्या एकशेसाठ कणांची नोंद ताईनं वहीच्या एका पानावर उतरवली होती. जुळणीचा फोन व्हायचा होता, तो तिची जीप दरीत गेली त्याच दिवशी.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती वही शर्टाच्या आत घालून गुरूंच्या दारात उभा राहिलो. मला वाटलं होतं, त्या पानावर ताईचं काहीतरी सांगणं असेल आणि हा म्हातारा ते वाचून दाखवील.

वही पुढे केली तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"उघडू नकोस. परत ने."

"परत? सर, मी सहा तास उभ्यानं आलोय!"

"मग परत जाताना बसायला जागा मिळो. तिच्या टेबलाशी बस आणि मला फोन कर."

"येडा समजता का मला? वही इथं, तुम्ही इथं. बघा की!"

"वाटेत कोणाला दाखवलीस?"

"कोणालाही नाही."

"शपथ नको, तुझा शब्द पुरे. आता जा."

मी त्यांच्या फाटकाला लाथ घातली. पायाचा अंगठा सुजला. तसाच लंगडत परत गेलो.

सकाळी ताईच्या टेबलाशी बसलो. खुर्चीवर तिची शाल होती. ती मांडीवर घेतली. पानावर मला दिसले ते नुसते आकडे, शून्य आणि एक, आणि प्रत्येकापुढे 'उभा' किंवा 'तिरका'. म्हणजे कण कसा धरून पाठवला ते.

"आकडा सांगू नकोस," गुरू फोनवर म्हणाले. "फक्त उभा की तिरका, ते वाच."

"फोन कोणी ऐकला तर?"

"ऐकू दे बिचाऱ्याला. त्याच्या हाती काय लागणार?"

मी वाचत गेलो. ते म्हणत, "ठेव," नाहीतर, "खोड." त्यांनी कण ताईसारखाच धरून घेतला असेल तरच तो आकडा भरवशाचा. ताईचं अक्षर खोडताना मी रेघ बारीकच मारली. एकशेसाठातले अठ्ठ्याहत्तर उरले.

"आता मी ओळींचे क्रमांक सांगतो. त्यांचे आकडे मोठ्यानं वाच."

अडतीस आकडे वाचले. सदतीस जुळले. एक जुळला नाही.

"कोणीतरी ऐकत होतं, सर? ताईचं काम वाया गेलं?"

"कोणी मध्ये बसलं असतं, तर नऊ-दहा चुकले असते. एखादा चुकतोच. तो दोष चोराचा नाही, वाटेचा आहे. वाट लांब आहे. आता वाचलेले अडतीसही खोड."

"जुळलेलेसुद्धा?"

"मोठ्यानं बोललं गेलं, ते आता गुप्त राहिलं नाही."

"मग चाळीसच उरले. वाचू?"

"नको."

मला राग आवरेना. "नको, नको! अहो, तुमच्याकडे काय आलंय ते तरी तपासा!"

गुरू शांतपणे म्हणाले, "बाळ, ते चाळीस न ऐकताच मला ठाऊक आहेत. जे बोललं गेलं ते जुळलं, म्हणून न बोललेलंही जुळलेलंच आहे, असं आम्ही धरतो. सगळं बोलून तपासलं, तर तपासणी पुरी होईल, पण हाती काही उरणार नाही. मधल्या वाटेवर विश्वास ठेवावा लागत नाही. दोन टोकांवर मात्र ठेवावाच लागतो. तू वही इथे आणलीस, तेव्हा मी दोन्ही टोकं एकाच हातात घेतली असती, तर मग काय जुळवायचं होतं? तिच्या टोकाला कोणीतरी बसायला हवं होतं. तिथे तुझ्याशिवाय कोण बसणार?"

मला नीट कळलं नाही. आजही सगळं कळलंय असं नाही. मी एवढंच म्हणालो, "सर, मी तिचा फोन कापला होता."

"तिच्याशी किती वर्षं बोललास?"

"बोलायला लागल्यापासून. बावीस तरी."

"आणि कापलास किती वेळा?"

"तो एकदाच."

मी पानाकडे पाहिलं. अडतीसात एकच ओळ चुकलेली होती.

"ह्या चाळीसचं काय करायचं, सर?"

"किल्ली आहे. ज्या निरोपासाठी होती, तो पाठवणारी आता नाही. नियमानं दोन्ही टोकांनी ती नष्ट करायची. माझी मी आत्ता फाडतोय. तुझी तू ठरव. तिचं अक्षर आहे."

फोनमधून कागद फाटल्याचा आवाज आला.

पान घडी करून खिशात घालावं, असं मनात आलं. आईला दाखवलं असतं. मग मी ते चाळीस आकडे एकदा मनातल्या मनात वाचले, ओठ न हलवता. पान वहीतून सोडवलं, मागच्या पडवीत चहाच्या शेगडीवर धरलं, बोटाला चटका बसेपर्यंत धरलं, आणि आत येऊन ताईनं जुळणीच्या फोनवर गुरूंना जे सांगायचं होतं ते तिच्या वतीनं फोनवर सांगितलं: "जुळलं, सर. इकडचं काम पुरं झालं."