रुळोबा आणि रुळूबाईचा आंतरपाट

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. माझी शाळा लवकर सुटली आणि मी वेल्डिंगच्या कामाला लागलो, म्हणून शब्दही साधेच आहेत. ही गोष्ट इंजिनिअरिंग शिकणाऱ्या तुम्हा मुलांसाठी लिहिली आहे.

लोखंडालाही लाज वाटायची त्या काळात, एका साखर कारखान्याच्या गाडीवाटेवर रुळोबा आणि रुळूबाई हे दोन रूळ टोकासमोर टोक करून राहत. मध्ये नखभर फट होती. थंडीत ती रुंदावली, तशी रुळूबाई रडू लागली. "अहो, हा आंतरपाट किती दिवस धरायचा?"

मग कावळेभटजींनी मंगलाष्टकं म्हटली, नटबोल्टांनी अक्षता टाकल्या आणि हातोडेमामांनी फटीत लोखंडी पाचर ठोकली. लग्न लागलं.

वैशाखात ऊन तापलं आणि दोघंही लांबीला वाढू लागले.

"अहो, जरा सरका ना!"

"कुठे सरकू? मागे वडील आहेत!"

"मग माझ्या मागे काय मोकळं रान आहे? आई आहे!"

ढकलाढकलीत दोघं कमरेत वाकले आणि साखरेची गाडी पोत्यांसकट उसात शिरली. दोघांना भंगारात द्यायचं ठरलं.

"मामा, वाचवा हो!" रुळूबाई ओरडली.

मामांनी पाचर काढली आणि दोघांना ठोकून सरळ केलं. पुढच्या वैशाखात, भर दुपारी, फट आपोआप मिटली आणि टोकाला टोक अलगद टेकलं.

"अहो, गाडी येतेय," रुळूबाई लाजली.

हे लिहून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर मी पुलाच्या कठड्याच्या दोन नळ्यांमध्ये नखभर फट सोडली.

"ही कशाला रे?" वर्कशॉपच्या मालकांनी विचारलं.

मी खाली बघत म्हणालो, "आंतरपाट आहे."