गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका

एकदा एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर एक विलक्षण सूचना झळकली. तिसऱ्या वर्षासाठी विशेष विषय : यंत्रांचा आवाज. शिकवणारे वृद्ध प्राध्यापक त्याच वर्षी निवृत्त होणार होते, आणि कैक वर्षे अर्ज केल्यावर त्यांना ही परवानगी मिळाली होती. अट एकच होती. शुक्रवारी पाच वाजेपर्यंत दहा नावे आली नाहीत, तर विषय रद्द.

शुक्रवारी साडेचार वाजता प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत ठेवलेल्या यादीत नऊ नावे होती, आणि ते नऊ जण तिथेच थांबले होते.

तेवढ्यात तिथे एक विद्यार्थिनी आली. दोन्ही वर्षे पहिली आलेली. सूचना वाचल्यापासून तिला चैन नव्हते, पण पहिला क्रमांक हातचा जाईल ही धास्तीही सुटत नव्हती. तिला पाहताच नऊ जणांनी लगबगीने वाट करून दिली. तिने पेन काढले, आणि आपल्याकडचा प्रत्येक हुशार विद्यार्थी विचारतो तेच विचारले.

"सर, गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका मिळतील?"

जो विषय आजवर कुणी शिकवलाच नाही, त्याच्या गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका! पोरांनी हसू दाबले. प्राध्यापक मात्र हसले नाहीत. त्यांनी कपाट उघडले आणि एक जाडजूड फाइल मोठ्या आदराने तिच्या हाती दिली. तिने ती चाळली. सगळी पाने कोरी होती.

"थट्टा करताय का सर माझी?" तिचा चेहरा लाल झाला. पेन खिशात टाकून ती दाराकडे वळली.

"दोन मिनिटं थांब गं. मग खुशाल जा," प्राध्यापक म्हणाले. कोपऱ्यात एक पंप दुपारपासून चालू होता. "जरा ऐक बघू."

घूं घूं चालले होते. मधेच 'टक्'.

"बेअरिंग गेलंय," ती दारातूनच म्हणाली.

"दोनदा बदललं."

"मग शाफ्ट वाकलाय."

"सरळ आहे. मी स्वतः तपासला. गार असताना हा गप्प असतो, तापला की बोलायला लागतो."

ती पंपाजवळ वाकली. खांद्यावरची पिशवी घसरून खाली पडली, तिकडे तिचे लक्षही गेले नाही. "सर! टक् सारख्या अंतरानं येत नाहीये! असं का?"

"मला माहीत नाही," प्राध्यापक म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा काय खुलला! त्यांनी पहिल्या कोऱ्या पानावर तिचा प्रश्न लिहिला आणि शेजारी तिचे नाव.

"बाळ, इतर विषयांची उत्तरं आधीच ठरलेली असतात, म्हणून तुम्हाला जुने प्रश्न पुरतात. इथं प्रश्नच अजून कुणी विचारलेले नाहीत. चाळीस वर्षं मी मला माहीत असलेलं मुलांना वाटत आलो. जाण्याआधी एकदा तरी, मला जे येत नाही ते तुमच्याबरोबर शोधायचंय. इथं पहिला कोण येईल, ते मी कसं सांगू?"

मग काय विचारता! "दुसरा प्रश्न माझा!" "पाणी बंद केलं तर?" "सर, पाया सैल करून बघू या?" दहा जण एकाच वेळी बोलत होते. कोरी पाने भराभर भरत चालली, आणि विद्यार्थिनीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पहिल्या क्रमांकाची आठवण तिला उरली नव्हती.

पाचच्या ठोक्याला कार्यालयातले मामा यादी न्यायला आले. "झाली का दहा? नसली तर काट मारतो."

"अकरा झालीत, मामा," तिने घाईघाईने लिहून यादी पुढे केली. "दहावं माझं. अकरावं सरांचं. त्यांनाही येत नाही ना."

मामांनी चष्मा सावरला. "सरांना परीक्षा द्यावी लागेल मग."

"देणार की!" पंपामागून उत्साही आवाज आला. "आणि नापास झालो तर सोन्याहून पिवळं. पुढच्या वर्षी पुन्हा यायला मिळेल."