इंद्रजितच्या मापाची काच

“वस्ताद, सीट आणखी थोडी उचलली तर चालंल का?”

शिकलगार वस्ताद गॅरेजच्या शेडच्या दारात खुर्ची टाकून बशीतला चहा फुंकत होते.

सर्जेराव गाडीवरून उतरला. उतरला कसला, उडीच मारली म्हणायची.

वस्तादांनी बशी खाली ठेवली.

“ही क्रूझर हाय न्हवं?”

“व्हय.”

“बुटकी गाडी. बसलं की दोन्ही पाय मातीला टेकावंत म्हणून अशी बनवलेली. आन् तू तिच्यावर पलंग टाकलायस?”

सर्जेराव हसला नाही.

मिसरूड फुटायच्या वयात तो याच शेडमध्ये नटबोल्टचे पाने पुसायला लागला होता. आता त्याचं स्वतःचं दुकान होतं. गाडीच्या तोंडावर बसतं ते फायबरचं कवच आणि त्यावरची प्लॅस्टिकची काच, म्हणजे फेअरिंग, बसवावी तर सर्जेरावनंच, असं पार बेळगावची पोरंही म्हणत. कुणाला काही विचारायची सवय त्याची कधीच सुटली होती. आजही तो आपणहून आला नव्हता. मालननं, त्याच्या बायकोनं, एवढंच म्हटलं होतं, “वस्तादांच्या नजरेखालनं गाडी जाऊ द्या. मगच मी मागं बसणार.”

उद्या पहाटे दोघांना गगनबावड्याचा घाट उतरून देवगडला जायचं होतं.

गाडी इंद्रजितची, त्यांच्या पोराची. आईला मागं बसवून देवगडचा समुद्र दाखवायचा, असं पोरानं ठरवलं होतं. फेअरिंग त्यानंच निवडली. मग ताप आला, उतरला, पुन्हा चढला… फेअरिंग दुकानाच्या माळ्यावर पडून राहिली. पोरगा गेला.

वस्ताद उठले. गाडीभोवती एक फेरी मारली. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून पाहिलं.

“टाकीला घासत न्हाई. बरी बसवलीयस.”

“माझंच काम हाय, वस्ताद.”

“हँडलवर बसणारी, हँडलसंगं फिरणारी घेतलीस. तू तर चौकटीवरचीच चांगली म्हणायचास.”

“मी तेच सांगत हुतो. पण इंद्या म्हणला, आपण बघतो तिकडं गाडीनंबी बघाया पायजे.”

वस्तादांच्या मिशा हलल्या. “वळणार तर गाडी तिकडंच की… बस आता.”

सर्जेराव टाच उंचावून कसाबसा चढला.

“काय दिसतंय?”

“रस्ता.”

“कशातनं?”

सर्जेराव घुटमळला. “…काचंतनं. म्हणून तर इचारतोय. सीट जरा उचलली, की वरनं दिसंल.”

वस्ताद गाडीच्या पुढं आले. वाकले. काचेवर तोंड नेऊन त्यांनी मोठा श्वास सोडला… हाऽऽ.

काच पांढरी झाली. शेड गेलं, रस्ता गेला, वस्ताद गेले.

“घाटात सकाळचं धुकं असंच बसतं,” काचेपलीकडून आवाज आला.

सर्जेराव सवयीनं उठला, काचेवरून बघायला. गाडी कलंडली. त्यानं पाय खाली सोडला. जमीन नव्हती.

वस्तादांनी हँडलला खांदा दिला. म्हातारा दोन पावलं मागं गेला, पण गाडी धरली. दोघांनी मिळून ती सरळ केली.

धापा टाकत वस्ताद म्हणाले, “मागं मालन असती आत्ता.”

सर्जेरावनं दोन्ही मुठींनी हँडल घट्ट धरलं.

“गिऱ्हाईक असतं तर काय केलं असतंस?”

“काच कापली असती.”

“कुठनं?”

“नाकाच्या शेंड्याला खूण करून. काच वारं अडवाया. बघायचं वरनं. तुम्हीच शिकवलंय.”

“मग?”

“मला शिकवू नका, वस्ताद!” सर्जेरावचा आवाज चढला. “शंभर जणांच्या काचा कापल्यात मी. ही न्हाई कापणार. हे माप माझ्या पोराचं हाय.”

शेडमागं कुणीतरी पत्रा ठोकत होतं. ते थांबलं. पुन्हा सुरू झालं.

“माप कुणी घेतलं?” वस्तादांनी हळू विचारलं.

“मीच. ह्याच गाडीवर बसवून. माझ्याहून वीतभर उंच त्यो. नाकाला पट्टी लावली तर हसाया लागला. गुदगुल्या हुत्यात म्हणला. नीट खूणच करू देईना…”

“कापलीस मग?”

“कापली की.”

“कशाला? नवी कोरी काच हुती. ऱ्हाऊ द्यायची अख्खी.”

“असं कसं? घाटात दिसाया नको त्याला?”

बोलून झालं, आणि सर्जेरावची नजर समोरच्या काचेवर गेली. काचेवरचा श्वास कडेकडेनं विरत गेला…

मग तो उतरला. सीट काढली. तिच्याखाली भरलेला फोम स्वतःच उपसला आणि बाजूला टाकला. सीट परत बसवून तो गाडीवर बसला, तेव्हा त्याचे दोन्ही पाय मातीवर होते.

इंद्रजितच्या काचेची वरची कड त्याच्या कपाळाच्याही वर गेली.

वस्तादांनी ग्रीसच्या डब्यात अंगठा बुडवला. सर्जेरावच्या नाकासमोर काचेवर काळा ठिपका दिला.

काच सोडवून त्यांनी बाकावर आडवी घेतली. सर्जेरावनं ठिपक्यापासून चिकटपट्टी ओढली. बारीक दातांची करवत उचलली… आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली.

वस्तादांनी दोन्ही तळवे काचेवर दाबून धरले. करवत चालू लागली.

मधे एकदाच थांबली. वस्तादांनी मान वर केली नाही.

कापलेली पट्टी बाकाखाली पडली. सर्जेरावनं काच उजेडात धरली, आणि त्याचा चेहरा उतरला. मधोमध, करवत थांबली होती तिथं, कड वाकडी गेली होती. शिकाऊ होता तेव्हाही त्याच्या हातून अशी कड आली नव्हती.

“वाकडी आली, वस्ताद.”

“हं.”

“घासून सरळ करतो. लोक बघतील. म्हणतील, सर्जेरावची स्वतःची गाडी, आन् ही कड?”

वस्तादांनी काच हातात घेतली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडेवरून बोट फिरवलं. मधे आल्यावर बोट थांबलं. कातडीवर लाल रेघ उमटली होती.

ते बोट त्यांनी लेंग्याला पुसलं. फळीवरचा पॉलिश पेपर काढून सर्जेरावच्या हातात दिला.

“धार तेवढी मोड,” ते म्हणाले. “सरळ करू नको.”