जोडलेल्या दोन टाक्या

फार वर्षांपूर्वी मुलींच्या वसतिगृहाच्या गच्चीवर थोरली आणि धाकटी अशा दोन टाक्या होत्या. पंपाचं पाणी धाकटीत पडे आणि न्हाणीघरात थोरलीतून जाई. प्लंबर युनूसभाईंनी दोघींना तळाशी पाइपाने जोडलं होतं.

"धाकटे, माझं पाणी पितेस!" एका सकाळी थोरली कडाडली.

"अहो जाऊबाई, दोघींची पातळी सारखीच आहे."

"मोठी मी आणि पातळी सारखी? व्हॉल्व्हभाऊ, वाट बंद करा!"

पाइपावरच्या व्हॉल्व्हने निमूट मान फिरवली. मुलींच्या आंघोळी सुरू होताच थोरली रिकामी झाली. खालून आरडाओरडा झाला, "ती मोठी टाकी भंगारात द्या!"

थोरली घाबरली. "भाऊ, वाट उघडा हो!"

"उघडतो. पण पाणी कुणाचं म्हणायचं?"

"कुणाचंही म्हणा! मुलींच्या डोळ्यांत साबण गेलाय!"