बेवारस गाढविणीचा मालक

"मालक आण, औषध ने!" राजे भुजंगराव गरजले आणि पानाचा विडा तोंडात टाकून मोकळे झाले.

समोर गोजरा उभी होती. गावाबाहेरच्या पांजरपोळात शेण काढायचं, चारा घालायचा आणि लोकांनी टाकून दिलेल्या जनावरांच्या जखमा धुवायच्या, हे तिचं काम. तिथे सतरा जनावरं होती आणि धड एकही नव्हतं. सगळ्यांत वाईट हाल शहाणी नावाच्या गाढविणीचे. नाव शहाणी, पण दगडांच्या गाडीखाली पाय घालून बसली! हाड मोडलं, जखम चिघळली. राजाच्या पागेतला साळोत्री हैबतराव, म्हणजे घोड्यांचा वैद्य, त्याच सकाळी जाता जाता तिला पाहून म्हणाला होता, "चार दिवसांत पू काढून हाड बसवलं तर जगेल. पण बाई, माझा हात आणि पागेतलं औषध सरकारी जनावरालाच. दुसऱ्याला लावलं तर महाराज माझं हाड मोडतील!"

म्हणून गोजरा थेट दरबारात आली होती.

"सरकार, मालक असते तर ती बिचारी पांजरपोळात कशाला आली असती?"

"ते मला काय सांगतेस? ज्याचं जनावर, त्याचा खर्च! मालकाला माझ्यासमोर उभा कर. औषधपाणी तर त्याच्याकडून घेईनच, वर जनावराचे हाल केले म्हणून पांजरपोळाचा वर्षाचा चारा दंड! माझा दवंडीवाला घेऊन जा. तीन दिवस देतो. मालक आला नाही, तर चौथ्या दिवशी पांजरपोळ रिकामा! मला तिथे हत्तीखाना बांधायचाय."

दरबार खो खो हसला. हसणारच! दुभत्या म्हशीला चार मालक धावतात, लंगड्या गाढवाला कोण धावतो? गोजराला मात्र रडू आलं. ते तिने दरबाराबाहेर येईपर्यंत कसंबसं आवरलं.

सतराही जनावरांच्या मालकांसाठी दवंडी सुरू झाली. दवंडीवाला सटवाजी डफ बडवत पुढे आणि गोजरा तीन पायांवर लंगडणाऱ्या एका बैलाला घेऊन मागे. डफ ऐकला की दारं धडाधड बंद! घाण्याजवळ बैलाने ओळखीचं हंबरून थेट तेल्याच्या अंगणात पाय टाकला, तर तेली हात झटकत म्हणाला, "हा माझा? छे! माझ्या बैलाला चार पाय होते!"

"मग चौथा कुठं गेला, ते तुमच्या घाण्याला इचारू का?" गोजरा कडाडली. तेली घरात पळाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सटवाजीचा घसा बसला, पण मालक एकही मिळाला नाही. गोजरा पारावर डोकं धरून बसली. सटवाजी आपला सवयीने दवंडी संपवत होता. त्या दवंडीचं शेवटचं वाक्य नेहमी एकच असे. तो ते सवयीने म्हणे आणि लोक सवयीने ऐकत नसत.

गोजराने एकदम मान वर केली. "दादा, ते शेवटचं पुन्यांदा म्हणा. जरा सावकाश."

सटवाजीने म्हटलं. गोजरा टुणकन उभी राहिली. "उद्या ते अजून जोरात म्हणा. घसा फाटला तरी चालंल, मी काढा देते!"

चौथ्या दिवशी दरबार गच्च भरला. गोजराची फजिती फुकटात पाहायला मिळणार होती ना!

"काय गं, सापडला मालक?" राजाने विचारलं.

"सापडला, सरकार! समद्या सतरा जनावरांचा एकच मालक! हितंच दरबारात हाय."

सरदार एकमेकांकडे पाहू लागले. एकाने तर पागोटं डोळ्यांवर ओढलं.

"नाव सांग त्याचं!"

"लई मोठं मानूस हाय, सरकार. तुमी दंड माफ कराल."

"माफ? सख्खा भाऊ असला तरी करणार नाही! हा माझा शब्द!"

"मग सटवाजीदादाला दवंडी म्हणू द्या. पार शेवटापत्तुर."

सटवाजीने डफावर थाप मारली. "ऐका हो ऐका! ज्याचं जनावर असेल त्याने तीन दिवसांत ओळख पटवून घेऊन जावं! न नेल्यास बेवारस ठरेल, आणि बेवारस ते सरकारजमा हो ऽऽ!"

दिवाण त्रिंबकपंत उगाचच खोकले.

"म्हणजे... मी?" राजाने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "छट्! मला नकोत ती लुळीपांगळी जनावरं!"

"नकोत कशी? गेल्या महिन्यात मळ्यात सोन्याचा हंडा सापडला, तवा सरकार नको म्हनले न्हाईत! सोनं सापडलं तर सरकारचं, आन् लंगडं गाढव सापडलं तर गोजराचं?"

राजा दिवाणांकडे वळला. "पंत, काढा काहीतरी वाट!"

"वाट आहे, महाराज," पंत पुटपुटले. "नियम मोडीत काढायचा. पण मग तो हंडाही परत..."

"नको, नको, नको!" राजा किंचाळला. पुढच्याच क्षणी त्याला स्वतःचंच हसू आलं. तो इतका हसला, इतका हसला, की सिंहासन कुरकुरलं. "शाब्बास! माझाच दंड माझ्याच गळ्यात! आजपासून पांजरपोळ सरकारी. औषध आणि साळोत्री पागेसारखा, दंडाचा चारा माझा, आणि तू तिथली कारभारीण! बोल, वर बक्षीस काय हवं? शालू की सोन्याचं कडं?"

"शालूचं मागनं बघू, सरकार. आदी साळोत्री धाडा. तुमच्या गाढविणीचा आज चौथा दिवस हाय!"

राजाने मांडीवर थाप मारली. "हैबतराव, बघता काय? पळा! माझी गाढवीण वाट बघतेय!"

हैबतराव औषधांची पेटी काखोटीला मारून पळत सुटला. त्याच्याही पुढे गोजरा पळत होती.